गुलाबरावजींचा चार तारांचा प्रश्न

साल १९८३. मी बावन्न वर्षांचा होतो, आणि आमच्या गावात गुलाबरावजी नावाचे गृहस्थ विजेची गिटार तंबोऱ्यासारखी उभी धरून भजनात वाजवत होते.

कोणाला हसायचं असेल तर हसून घ्या. मी तीन वर्षं हसलो आहे.

गिटारीचं बूड मांडीवर, दांडा कानाशी, डोळे मिटलेले, आणि उजव्या हाताचं एक बोट चारही तारांवरून सावकाश उतरतंय. प… सा… सा… सा. खाली पोचलं की पुन्हा वरून. एवढंच. खंजिरी धावत असो की रांगत असो, अभंग असो की गवळण, गुलाबरावजींचं आपलं तेच. एकदा पुलगावच्या ऑर्केस्ट्रातला एक वाजवणारा पाहुणा म्हणून आला होता. त्याला राहवलं नाही.

"काकाजी, ही बेस गिटार हाये. आडवी धरतेत हिले."

गुलाबरावजींनी एक डोळा उघडला. "आडवा धरतेत तो सितार. चार तारा असल्या का तंबोरा. तुले कोनं शिकवलं?"

तो बिचारा जेवून गेला आणि पुन्हा आला नाही.

आता ही गिटार त्यांच्याकडे आली कशी ते सांगतो. गुलाबरावजी तीस वर्षं रेल्वेच्या फाटकावर होते. पुलगाववरून मुंबई-नागपूरची लाइन जाते, तिच्यावरच आमच्या गावच्या रस्त्याचं फाटक. गाडी यायच्या आधी लावायचं, गेली की उघडायचं. एवढ्या दहा-पंधरा मिनिटांत बैलगाडीवाले, सायकलवाले, बाजाराला निघालेल्या बाया सगळे त्यांच्यासमोर उभे. पळून जाणार कुठं? गुलाबरावजी एका काखेत लाल झेंडी, एका काखेत हिरवी झेंडी धरून विचारायचे, "मंग? औंदा पऱ्हाटीले कापूस कसा हाये? पोरीचं जमलं का?" गावातल्या निम्म्या सोयरिका त्या फाटकावर जुळल्या. मालगाडी लांब असली की यांचा चेहरा खुलायचा. एक्स्प्रेस सुसाट गेली की नाराज व्हायचे. "काय भरवसा हिचा," म्हणायचे, "थांबत नाई, बोलत नाई."

मग रिटायर झाले. बायको त्याआधीच गेली होती. दोन पोरी, दोन्ही रेल्वेवाल्यांनाच दिलेल्या, एक बल्लारशाकडे, एक भुसावळकडे. गुलाबरावजी गावात आले आणि भजन मंडळात शिरले. गळा नव्हता, ताल नव्हता. मंडळाचे मुख्य नत्थूजी. ते म्हणाले, "तुमी तंबोरा आना. तंबोऱ्यात चुकाले जागाच नसते."

गुलाबरावजी नागपूरला गेले. दुकानदाराने तंबोरा दाखवला. यांनी भोपळ्यावर टिचकी मारून विचारलं, "एसटीत फुटन का हा?"

"सांभाळून न्याल तर नाही."

"आमच्या रोडनं देव बी सांभाळून जाऊ शकत नाई."

तेवढ्यात भिंतीवर टांगलेली ही गिटार दिसली. तारा मोजल्या, चार. भोपळा नाही. लाकूड ठोस. दुकानातली सगळ्यात स्वस्त. दुकानदाराने काही समजावून सांगितलं असेल किंवा नसेल. गुलाबरावजी ती पोत्यात घालून, शेजारच्या सीटवर बसवून, गावात घेऊन आले.

घरी छेडली तर आवाजच नाही. डास बोलतो तेवढा. मग कळलं, ही विजेवर चालते. मंडळाच्या माइकसेटला जोडली. आवाज आला तो असा की देवळावरची कबुतरं उडाली. आणि त्या आवाजाच्या मागे आणखी एक आवाज. घूंऽऽऽ. जणू पेटीत भुंगा कोंडला आहे. भजन थांबलं तरी भुंगा थांबत नसे.

गुलाबरावजी पुन्हा नागपूरला. दुकानदार म्हणाला, "स्वस्तातली आहे ना. हिचा पिकअप हलका असतो. चांगला टाका." गुलाबरावजींनी ते ऐकून घेतलं आणि गावात येऊन पहिल्याच माणसाला विचारलं, "पिकअप बदलू का राहू देऊ? तुमची राय काय?"

इथून खरी कथा सुरू होते.

पिकअप म्हणजे काय ते आधी सांगून टाकतो, कारण ते मला समजतं. तारांच्या खाली एक डबी असते. आत चुंबक, चुंबकाभोवती केसासारखी बारीक तांब्याची तार हजारो वेढे गुंडाळलेली. वरची तार हलली की डबीत वीज उठते. ती माइकसेटमध्ये गेली की आवाज. म्हणजे आमच्याच धंद्यातली वस्तू. मी विहिरीवरच्या मोटरी भरतो, म्हणजे जळालेली तार काढून नवीन गुंडाळतो. शिक्षण तिसरीपर्यंत. पण जळालेल्या मोटरीचा नुसता वास घेऊन मी सांगतो, पाणी शिरलं की शेतकऱ्याने फ्यूजमध्ये खिळा ठोकला. तीन तालुक्यांतून लोक येतात. मी कोणाची राय घेत नाही. माझ्या लग्नातही घेतली नव्हती, बायको ते अजून बोलून दाखवते.

तर गुलाबरावजी माझ्याकडे आले, तेव्हा मी गिटार हातात न घेताच, नुसता भुंगा ऐकून सांगितलं, "डबी कंडम हाये. बदला."

"बरं," ते म्हणाले, "मिस्त्रीची राय, बदला." आणि स्टुलावर बसून चहा घेतला. मग उठून न्हाव्याकडे गेले.

न्हावी म्हणाला, जुनं ते जुनं, राहू द्या. हेडमास्तर म्हणाले, दोन्ही बाजूंनी विचार करण्यासारखा विषय आहे, आणि दोन्ही बाजू सांगितल्या, शाळा सुटेपर्यंत. ढोरांच्या डॉक्टरांनी गिटार आडवी करून पोटावर थापट्या मारल्या, कान लावला आणि म्हणाले, "वायू वाटते. थोडे दिवस वाट पाहा." एसटीच्या कंडक्टरने राय देण्यासाठी गाडी थांबवली, तेव्हा आतल्या लोकांनीही राय दिली, आणि गाडी पुलगावला अर्धा तास उशिरा पोचली.

कहर झाला तो शेजारच्या विठाबाईंच्या पोरीला पाहायला आले तेव्हा. पाहुणे पोह्यांवर बसले आहेत, पोरगी खाली मान घालून बसली आहे, आणि गुलाबरावजी दारातून, "मी शेजारी. येक विचारू का?" मुलाच्या बापाला वाटलं, देण्याघेण्याची गोष्ट निघाली. तो सावरून बसला. यांनी गिटारीचा प्रश्न मांडला. बाप म्हणाला, बदलू नका. मामा म्हणाला, बदला. बाप म्हणाला, तुले काय समजते? मामा म्हणाला, मले नाई समजत तर पोरगी पाहाले काऊन आनलं? दोघं उठून अंगणात गेले. विठाबाईंचा जीव वरखाली. शेवटी पोरीनेच मान वर करून सांगितलं, "आधी वाजवून तर दाखवा, मंग ठरवा." सासरच्यांना तो पोरीचा शहाणपणा वाटला. लग्न ठरलं. गुलाबरावजी लग्नात सगळ्यांत पुढे जेवायला बसले होते. पिकअप तसाच.

एकदा देवापुढे दोन चिठ्ठ्याही टाकल्या. 'बदलावा' निघाली. आम्ही म्हटलं, झालं, सुटलो. दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानात हजर. "मिस्त्री, देवानं गिटार आइकलीच कुठं? न आइकता देल्ली राय धराव का? तुमची राय काय?"

माझी बायको आतून म्हणाली, "अवो, त्यायले राय नाई पाह्यजे. तुमीच येडे होऊन सांगून राह्यले."

मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. ही माझी जुनी सवय.

असं तीन वर्षं चाललं. गावात असा उंबरा राहिला नाही जिथं गुलाबरावजींनी पिकअपच्या नावानं चहा घेतला नाही. लोक वैतागायचे, पण राय द्यायचे. राय द्यायला कोणाला आवडत नाही?

मग केळझरचं प्रकरण झालं. केळझरच्या गणपतीसमोर भजन स्पर्धा होती. आदल्या वर्षी आमचं मंडळ तिथं बसलं आणि पहिल्याच अभंगाला परीक्षकांनी हात वर केला. "माइकवाल्याला बोलवा. कुठंतरी शॉर्ट आहे." माइकवाला आला, सगळ्या वायरी हलवल्या, भुंगा जाईना. शेवटी गुलाबरावजींनी स्वतःच गिटारीची पिन काढली. एकदम शांत. सगळ्या सभामंडपाने वळून त्यांच्याकडे पाहिलं. त्या दिवशी आमचा नंबर शेवटून पहिला.

या वर्षी नत्थूजींनी पंधरा दिवस आधीच देवळात सगळ्यांसमोर सांगितलं, "गुलाबरावजी, आता फैसला करा. यंदा भुंगा बंद नाई झाला तं गिटार घरी ठेवजो अन् टाळ धरजो."

टाळ! आमच्या मंडळात टाळ धरणारे चौदा होते. त्यांतला एक न आला तर कोणाला समजायचंही नाही.

गुलाबरावजी माझ्या दुकानात आले. स्टुलावर बसले, पण चहा घेतला नाही. "मिस्त्री, आता?"

"आता काय आता? तीन वर्षांपासून सांगून राह्यलो, डबी कंडम हाये! नवी मी सोता भरून देतो. नागपूरच्या बापाले नाई जमणार अशी."

"पन ढोराचे डाक्टर म्हन्तेत—"

"डाक्टरले म्हना, बैलाले पिकअप लावा. आना ती इकडं."

त्यांनी गिटार लगेच दिली नाही. पोत्यासकट छातीशी धरून बसले. मग दिली, आणि दारापर्यंत जाऊन परत आले. "मिस्त्री, येक करजो. मी आल्याबिगर खोलू नका."

मी हो म्हटलं. त्या वेळी मला वाटलं, माणसाला आपल्या वस्तूची काळजी असते.

डबी भरायला मला अकरा दिवस लागले. फुटक्या भोंग्याचं चुंबक फोडून घेतलं. जुन्या रेडिओच्या ट्रान्सफॉर्मरमधून तार उलगडली. ती इतकी बारीक की शिंकलो तरी तुटे. मोटर भरणाऱ्या या दणकट बोटांनी मी सात हजार वेढे घातले, श्वास धरून. आकडा हुकला की पुन्हा पहिल्यापासून. बायको जेवायला हाक मारी आणि मी ओरडे, "चार हजार दोनशे बारा!" गावभर सांगून टाकलं होतं की मिस्त्री पिकअप बनवून राहिला आहे. आता मागे येणं नव्हतं.

बाराव्या दिवशी सकाळी गिटार बाकावर घेतली. गुलाबरावजींची वाट पाहायला पाहिजे होती. मी कोणाची वाट पाहत नाही. चार स्क्रू काढले आणि झाकण उचललं.

डबी चांगली होती. स्वस्तातली असेल, पण चांगली, धडधाकट. भुंग्याचं कारण दुसरंच होतं. तारा जिथं खाली अडकवतात त्या लोखंडी पट्टीला आतून एक वायर जाते, अर्थिंगची. ती सुटलेली होती. आमच्या धंद्यात पोरसवदा माणूसही आधी अर्थिंग पाहतो. मी तीन वर्षं पाहिलं नव्हतं. नुसता आवाज ऐकून राय देत बसलो होतो.

पण तोंडात मारल्यासारखं झालं ते या कारणानं नाही. ती वायर नुसती सुटलेली नव्हती. तिच्या उघड्या टोकाला कोणीतरी चिंधी गुंडाळली होती, वरून दोऱ्याने नीट गाठ मारली होती, आणि वायर अशी बाजूला वळवून ठेवली होती की चुकूनही पट्टीला लागू नये. चिंधी लाल होती. जाड, उन्हानं विटलेली. ते कापड मी ओळखत होतो. आख्खा गाव ओळखत होता. तीस वर्षं त्याच कापडासमोर आम्ही सगळे थांबलो होतो.

म्हणजे भुंगा कुठून येतो हे त्यांना माहीत होतं. केव्हापासून, देव जाणे. एसटीत आदळून वायर सुटली असेल, त्यांनी खोलून पाहिली असेल, जोडायला दोन मिनिटांचं काम. आणि मग त्यांनी बसून विचार केला असेल, की जोडली तर उद्या सकाळी कोणाकडे जायचं? काय विचारायला?

मी रागावलो. खरं सांगतो, आधी रागच आला. अकरा दिवस आणि सात हजार वेढे! मग राग कुठं गेला समजलं नाही. मी उठलो, पाणी प्यालो, परत बसलो. चिंधी सोडून खिशात टाकली. वायर पट्टीला झाळून दिली. माझी डबी बसवलीच नाही. झाकण लावलं.

गुलाबरावजी आले तेव्हा माइकसेट जोडून ठेवला होता. त्यांनी गिटार उभी धरली. प… सा… सा… सा. आणि मागे काही नाही. नुसती शांतता. त्यांनी बोट उचललं, पुन्हा टेकवलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"खोलली?"

"खोलली."

"बसवला नवा?"

"आवाज आइका," मी म्हणालो.

ते आवाज ऐकत राहिले. मी बाकावरच्या पकडी पुसत राहिलो.

केळझरला आमचा तिसरा नंबर आला. शेवटून नाही, पुढून. त्या गिटारीचा सा असा भरून राहिला होता की नत्थूजींचा वर चढलेला सूर आपोआप घरी येई. परीक्षकांनी स्टेजवर येऊन विचारलं, हा तंबोरा कुठला? नत्थूजींनी मला हाताला धरून पुढे ओढलं. "तंबोरा गुलाबरावजीचा, पिकअप आमच्या मिस्त्रीचा!" नारळ माझ्या हातात. टाळ्या. मी नारळ घेतला. केळझरात मिळालेला नारळ तिसरी शिकलेला माणूस परत देत नाही.

परत येताना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत सगळे खुशीत. न्हावी म्हणाला, "चला, तीन वर्षांचं खटलं मिटलं. आता गुलाबरावजी कोनाचं डोस्कं खाईन?" सगळी ट्रॉली हसली. गुलाबरावजीही हसले. सगळ्यांत जास्त वेळ तेच हसत होते.

ऊन उतरायच्या सुमाराला गावच्या फाटकाशी आलो तर फाटक बंद. मालगाडी होती, चांगली लांब. नवीन फाटकवाला आपल्या खोलीत पेपर वाचत बसला होता. तो बाहेर आला नाही. कोणाला काही विचारलं नाही. डबे जात राहिले. गुलाबरावजी गिटार मांडीवर धरून फाटकाच्या लोखंडी दांड्याकडे पाहत होते. मग सवयीने माझ्याकडे वळले.

"मिस्त्री, तो पिकअप—"

आणि थांबले. तोंड उघडंच. पुढे विचारायला काही उरलं नव्हतं.

शेवटचा डबा गेला. फाटक उघडलं. ट्रॉली हलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडलं नाही. माझी ती सात हजार वेढ्यांची डबी घेतली, त्या लाल चिंधीत गुंडाळली, आणि गुलाबरावजींच्या दारात जाऊन उभा राहिलो. ते ओट्यावर बसले होते, आंघोळ करून, टोपी घालून, कुठंही न जायला तयार होऊन. मी पुडकं त्यांच्या हातात ठेवलं. त्यांनी आधी चिंधी पाहिली. तिच्यावरून अंगठा फिरवला. मग डबी.

मी म्हणालो, "ही मी भरलेली. बसवलीच नाई. आतमधी जुनीच हाये." हे बोलायला मला किती जड गेलं ते फक्त माझ्या बायकोला समजेल. आणि मग बावन्न वर्षांत कोणाला विचारलं नव्हतं ते विचारलं. "जुनी काढून ही टाकू का राहू देऊ? मले काई समजून नाई राह्यलं, गुलाबरावजी. तुमची राय काय?"

त्यांनी डबी उलटी केली, सुलटी केली, कानाशी नेली.

"असं येकदम कसं सांगता येईन, मिस्त्री?" ते म्हणाले. "चार लोकायले विचारा लागन. बसा."

मी बसलो.